गवारीतली हिरवी सुरी

आधी फर्नांडिस अंकलचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. बीकेसीतल्या एका मोठ्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ते स्टोअरकीपर. माल आला की बाकीचे लोक क्रेटवर वरून नजर टाकतात आणि सही करतात. अंकल बाही वर करून क्रेटच्या तळापर्यंत हात घालतात. त्या हातामुळे मी आज या नोकरीत आहे.

त्या सकाळी त्यांचा फोन आला.

"वनिता, तुझी गवार आली."

"बरी आहे ना, अंकल?"

"गवार झकास आहे. सुरी पण चांगली आहे. फक्त सुरी आम्ही मागवली नव्हती."

ती सुरी मी निवडलेली होती.

मुलुंडच्या एका गाल्यात, म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या शटरच्या जागेत, आम्ही भाजी निवडून, सोलून, चिरून कॅन्टीनना पुरवतो. मी तिथे पर्चेस बघते. मी मूळची वाशिमकडची. आठवीत शाळा सुटली. नाहूरला चुलतबहिणीकडे राहते. तेव्हा मी प्रोबेशनवर होते आणि सुऱ्यांची खरेदी हे आमच्या मालकांनी, परब सरांनी, माझ्या एकटीवर सोडलेलं पहिलं काम. नोकरी गेली असती तर बहिणीच्या घरी बसून खाणं मला जमलं नसतं. परतीची गाडीच पकडावी लागली असती.

खरेदी मी जीव लावून केली होती. आधी आमच्याकडे शेफ लोकांच्या लांब सुऱ्या होत्या. बोर्डवर कोबी चिरायला त्या ठीक. पण लसूण सोलणं, बटाट्याचे डोळे काढणं, गवारीची टोकं उडवणं ही कामं आमच्या बायका हातातल्या हातात करतात, पातं अंगठ्याकडे ओढून. त्याला पातं बोटाएवढंच लागतं. इंग्रजीत तिला पॅरिंग नाइफ म्हणतात, आम्ही छोटी सुरी म्हणतो. महागडी घेऊन उपयोग नाही, कारण रोजच्या कामात ती झिजतेच.

दुकानात मी एकेक पातं काउंटरवर हलकं दाबून बघितलं. वाकून सरळ झालं तर ठेवलं, मुठीत हललं तर परत दिलं. करवतीसारखे दात असलेली टोमॅटोला छान, पण तिची धार गेली की घरी लावता येत नाही. साधं पातं चिनीमातीच्या कपाच्या बुडावर घासलं तरी कामाला येतं. मग पाणी मागून मूठ ओल्या हातात धरून बघितली. दुकानदार म्हणाला, "ताई, सुरी घेताय की जावई बघताय?"

रंग तेवढा परब सरांनी ठरवला. हिरवा. "लोगो हिरवा, एप्रन हिरवे. क्लायंट व्हिजिटला आला की कसं प्रोफेशनल वाटेल." मलाही पटलं.

आणि ती हिरवी सुरी हिरव्या गवारीत अशी मिसळली की पॅक करणारीला दिसलीच नाही.

"माल घेतल्याचा शिक्का अजून मारलेला नाही," अंकल फोनवर म्हणाले. "शिक्क्याआधी सापडलं तर रिजेक्ट. नंतर सापडलं तर कम्प्लेंट, आणि कम्प्लेंट म्हणजे तुमचं नाव कट. क्रेट परत पाठवतोय. उद्या टेम्पोबरोबर तू स्वतः ये आणि असं परत कसं होणार नाही ते दाखव. 'काळजी घेऊ' एवढंच सांगायचं असेल तर येऊ नको."

परब सरांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "सुऱ्या दोरीने टेबलाला बांधा."

"मगे आमकाव बांधून ठेव," सावंत काकी म्हणाल्या. त्या आमच्यातल्या सगळ्यात जुन्या, बोलायला कुणाला न भिणाऱ्या.

"काकी, मस्करी नको. रंग बदलू. लाल घेऊ."

"गाजरात जातली."

"पांढरा?"

"मुळ्यात," दोघी-तिघी एकदम म्हणाल्या.

मग खेळच सुरू झाला. काळा वांग्यात. पिवळा मक्यात. सर एकेक रंग काढायचे आणि बायका भाजीचं नाव फेकून तो पाडायच्या. शेवटी सर वैतागून म्हणाले, "निळा?"

कुणाला भाजी आठवेना. कुणीतरी जांभूळ म्हणालं, पण ते जांभळं ठरलं. काकींनी सगळा बाजार आठवून बघितला. "निळा काय खाणत नाय आपण," त्या म्हणाल्या, जरा नाराजीनेच.

मी धावत दुकानात. निळी मूठ? दुकानदार माळ्यावर चढला. "कोण घेत नाही हा रंग. पडून आहेत." पातं तेच, साधं, मूठ घट्ट. कुणाला नकोत म्हणून हिरव्यांपेक्षा स्वस्त दिल्या. मी तरीही एकेक दाबून बघितली. या वेळी पाणी त्याने न मागताच पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून गेले. अंकलनी निळी सुरी हातात घेतली, गवारीच्या क्रेटमध्ये खुपसली, क्रेट हलवला आणि माल टेबलावर पसरला. मग चष्मा काढून दाराशी जाऊन उभे राहिले.

"चष्म्याशिवाय मला तू पण नीट दिसत नाहीस, पोरी. पण सुरी दिसते." आणि शिक्का मारला.

आता गाल्यातल्या सगळ्या सुऱ्या मोजून आकडा जुळल्याशिवाय आमच्या टेम्पोचं दार बंद होत नाही. हिरव्या सुऱ्या बायकांनी घरी नेल्या. "घराक बरी आसा," काकी म्हणाल्या. तुम्ही सुरी घ्याल तेव्हा पातं बघा, मूठ बघा, आणि ती खाली पडल्यावर कशात पडणार आहे ते बघा. दिसायला शोभते का, हे सगळ्यात शेवटी.

अंकल चहासुद्धा घेत नाहीत माझ्याकडून. पण त्यांच्या मुलीचं लग्न कधीतरी होईलच. त्या दिवशीची सगळी भाजी, सोलून, चिरून, माझ्याकडून. त्यांनी नुसतं सूट घालून बसायचं. क्रेटमध्ये हात घालायचा नाही, असं मी त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय. ते घालणार, मला माहीत आहे.