छोटी रांग
आज इथं दोहात, अल अझीझिया भागातल्या दुकानात आमसुलांचा आंबट वास आला आणि इथला विमानतळ आठवला. नवरा इथलाच, कतरी. लग्नानंतर बरीच वर्षं नुसती रहिवासी म्हणून काढल्यावर मला इथलं नागरिकत्व मिळालं होतं, भारताचा पासपोर्ट परत केला होता. त्यानंतर पहिल्यांदाच रत्नागिरीहून अम्मीला घेऊन येत होते. तिच्या पिशवीत आमसुलं होती. याआधी आम्ही परदेशी लोकांच्या लांब रांगेत एकत्र उभ्या राहायचो, ती माझी ओढणी धरून. त्या दिवशी तीच म्हणाली, "जा बाय, तुझी लाइन आता तिकडं." आणि मी खरंच इथल्या नागरिकांच्या छोट्या रांगेत गेले. मिनिटभरात सुटलेसुद्धा. पलीकडून पाहिलं, तर अधिकारी तिला विचारत होता, "किसके पास जाना?" तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या काळ्या पायघोळ अबायाकडे बघून तो हसला, "वो तो कतरी है." अम्मीनं काही चुकल्यासारखं बोट खाली घेतलं. ही माझी आई आहे, एवढं ओरडून सांगता आलं असतं. मी पलीकडेच थांबले. अम्मी आता नाही. मी मात्र विमानतळावर एकटी असले तरी लांब रांगेतच उभी राहते, आणि दरवेळी कोणीतरी अदबीनं मला छोट्या रांगेत नेऊन सोडतं.