डावीकडची घळ

काकूंना राग यायला एकतीस वर्षं लागली. पण आला तो असा आला, की छपाईच्या दुकानात तिघं पुरुष हजर असून एकालाही तोंड उघडायची सोय राहिली नाही. त्यातला एक त्यांचा नवरा होता, आणि तोंड उघडं ठेवणं हा तर त्या गृहस्थाचा आवडता व्यायाम.

आधी काकूंची ओळख करून द्यायला हवी, कारण ओळख होण्यासारख्या जागी त्या कधी उभ्याच राहिल्या नाहीत. सरकारी दवाखान्यात एक्स-रेच्या फिल्म धुण्याची नोकरी. लाल दिव्याची एक खोली, तीन टाक्या, आंबट वास आणि दाराबाहेर 'आत येऊ नये' अशी पाटी. दवाखान्यात दर फिल्मच्या कोपऱ्यात शिशाचं एक अक्षर ठेवतात, डावं की उजवं ते कळावं म्हणून. सबंध नोकरीत काकूंच्या हातून डाव्याचं उजवं झालं नाही. एकदा एका नव्या डॉक्टरनं फिल्म उलटी लावली आणि म्हाताऱ्या पेशंटचा भलताच गुडघा चेपायला घेतला. काकू दारातूनच म्हणाल्या, "साहेब, दुखतोय तो दुसरा." एवढ्यावर त्या पुन्हा आपल्या अंधारात गेल्या.

नवरा टपाल कचेरीत खिडकीवर. पण ती नुसती पोटापाण्याची सोय. खरा माणूस रविवारी डोंगरावर दिसायचा. गिर्यारोहण मंडळातले लोक त्याला ढगसाहेब म्हणत, कारण आकाशातला ढग मनासारख्या जागी आल्याशिवाय तो कॅमेऱ्याचं बटण दाबत नसे आणि तोवर कोणाला डबा उघडू देत नसे. "जरा थांबा, तो मोठा ढग सुळक्याच्या मागं गेला की झालंच." हे 'झालंच' एकदा पावणेतीन तास चाललं. खालची शेवटची बस गेली, आणि मंडळातल्या एका बाईंनी त्या ढगाला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

फोटो काढायचा तो काळापांढराच. "रंग म्हणजे निव्वळ मेकअप," ढगसाहेब सांगायचा. "रंग काढून घ्या, मग डोंगराची हाडं दिसतात." काकू मनात म्हणत, हाडं तर मी रोज बघते, त्यात एवढं काय!

कॅमेरा जुन्या घाटणीचा होता. एकाखाली एक दोन डोळे असलेला डबा. तो गळ्यात अडकवायचा नाहीतर तीन पायांच्या स्टँडवर बसवायचा आणि वरच्या काचेत, मान खाली घालून बघायचं. त्या काचेची एक खोड होती. तिच्यात डावं ते उजवीकडे दिसे आणि उजवं डावीकडे. ढगसाहेबाला त्याची इतकी सवय झाली होती की डोक्यात त्याचा हिशेबही होत नसे. आणि त्याची स्वतःची खोड अशी, की डोंगरासमोर पोचला रे पोचला की मान खाली. समोर एवढा थोरला कडा उभा आणि हा आपल्या डब्यात वाकलेला. मंडळात म्हणायचे, "ढगसाहेब डोंगरावर जातो की विहिरीत डोकावायला, काही कळत नाही."

स्टँड कोण वाहायचं? काकू. पाण्याच्या बाटल्या, त्याचा स्वेटर, आकाश काळं यावं म्हणून लावायच्या लाल फिल्टरची डबी, सगळं काकूंच्या पाठीवर. "हलू नकोस, स्टँडचा पाय दाबून धर." आणि पुढच्या रविवारी दुपारी न्हाणीघराच्या खिडकीला जुनी वर्तमानपत्रं चिकटवून, बादलीवर फळी टाकून, फिल्म धुवायच्या नि प्रिंट काढायच्या त्याही काकूंनीच. ढगसाहेब बाहेर फेऱ्या घालायचा. "झालं का? अगं, झालं का?" बाळंतपणाच्या खोलीबाहेर सुद्धा माणूस इतका अस्वस्थ नसतो.

असाच तो प्रसिद्ध फोटो झाला. दोन दिवसांची चाल, समोर दुहेरी घळीचा डोंगर. घळ म्हणजे कड्यातली ती उभी खाच, जिच्यातून पाणी उतरतं आणि जमलं तर माणूस चढतो. डावीकडच्या घळीत दगडांच्या ओबडधोबड पायऱ्या, वर जायची वाट तीच. उजवीकडची दिसायला देखणी, गुळगुळीत, वळण घेत वर जाणारी, पण वरच्या टोकाला नुसती हवा. तिथून एक पाऊल पुढं टाकलं की सरळ दरीत. काकू स्टँडचा पाय दाबून अडीच तास तिच्याकडेच बघत बसल्या होत्या, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. मग एका ढगाची सावली धारेवरून सरली, आणि खट्.

न्हाणीघरात काकूंनी पहिली प्रिंट काढली ती सरळ. फोटो चांगला होता, पण डोंगराची धार डावीकडून उजवीकडे घसरत चौकटीबाहेर सांडत होती. काकूंना ते पटेना. त्यांनी निगेटिव्ह सहज पालथी घातली आणि दुसरा कागद ट्रेमध्ये सोडला. तोच डोंगर, पण आता घसरायच्या ऐवजी चढायला लागला. आकाश काळंभोर, धार पांढरीशुभ्र. काकू स्वतःशीच म्हणाल्या, हं, आता कसं!

दार उघडलं. ढगसाहेबानं ओली प्रिंट उचलली आणि ओरडला, "हेच! अगदी असंच दिसत होतं!"

दिसतच होतं. त्याच्या काचेत.

काकूंनी सांगायला तोंड उघडलं. पण नवरा हातात निथळती प्रिंट घेऊन घरभर नाचत होता, आणि लग्नाला तेव्हा सातच वर्षं झाली होती. उद्या सांगू, असं त्या मनात म्हणाल्या. उद्या तो फोटो स्पर्धेला गेला. पहिला आला. हार, टाळ्या, वर्तमानपत्रात नाव. मग बैठकीच्या खोलीत भिंतभर चौकट लागली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ढगसाहेब एकच वाक्य ऐकवू लागला: "मी त्या ढगासाठी अडीच तास उभा होतो." बसलेलीचं नाव त्यात कधी आलं नाही. काकू चहाचा ट्रे घेऊन यायच्या, उलट्या डोंगराखाली ठेवायच्या आणि आत जायच्या. एकतीस वर्षं.

मध्यंतरी एका पावसाळ्यात दरड कोसळली आणि त्या डोंगराची वाट बंद झाली, ती पुरी बावीस वर्षं. यंदा ती उघडली, नवा रस्ता झाला आणि पूर्वी दोन दिवस चालावं लागे त्या पायथ्यापर्यंत बस जाऊ लागली. जुनी माणसं थकली, नव्यांनी डोंगर पाहिलेला नाही. म्हणून मंडळानं ठरवलं, की पायथ्याच्या बसथांब्यावर दहा फुटी फलक लावायचा. त्यावर ढगसाहेबाचाच फोटो आणि त्याच्यावर पांढऱ्या रेघेनं चढायची वाट. मूळ निगेटिव्ह छपाईवाल्याकडे गेली. नमुना तयार झाला, पसंतीची सही करायला ढगसाहेब, काकू आणि मंडळाचा चिटणीस असे तिघं दुकानात हजर झाले. फलक घेऊन जाणारा टेम्पो दारात उभा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली तुकडी चढणार होती.

छपाईवाल्यानं नमुना टेबलावर पसरला, आणि ढगसाहेबाच्या कपाळाची शीर तट्ट फुगली.

"हे काय? उलटा छापलायस!"

"नाही काका, सरळ आहे," छपाईवाला म्हणाला. पन्नाशीचा, शांत, शाईनं बोटं काळी झालेला माणूस. "हे बघा ना, निगेटिव्हच्या कडेला आकडे असतात. ते सुलट वाचता आले म्हणजे बाजू बरोबर."

"तू मला शिकवणार? चाळीस वर्षं फिल्म वापरतोय मी! तुझ्या खानदानात कोणी निगेटिव्ह हातात धरली होती का? कॉम्प्युटरची बटणं दाबणारी जात तुमची. माझ्या घरी चल, भिंतीवर दाखवतो डोंगर कसा आहे ते. सगळं फिरव. रेघेसकट फिरव!"

चिटणीस हा गृहस्थ सभेत शेवटचा जो बोलेल त्याच्या मताचा. तो चाचरत म्हणाला, "पण साहेब, वाटेच्या टिपणात लिहिलंय, डावीकडची घळ."

"डावीकडची कोणाच्या? वरून उतरणाऱ्याच्या!"

"हां, असं होय," चिटणीस म्हणाला. "मग फिरवा हो. साहेब म्हणतायत ना."

काकू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. पांढरी रेघ त्यांना तिथूनही दिसत होती. डाव्या घळीतून, पायऱ्यांवरून, बरोबर जिथून जायला हवी तिथून. ती फिरली की फलकावर उजवीकडे दिसणार, आणि उद्या सकाळी कोणाची तरी पोरं तिच्यावर विसंबून उजवीकडच्या गुळगुळीत घळीतून वर, त्या टोकापर्यंत. काकू स्टुलाच्या कडेशी सरकल्या. त्या म्हणाल्या, "अहो, एक मिनिट ऐका."

"तू मध्ये बोलू नकोस." ढगसाहेब छपाईवाल्यावरून नजर न काढता म्हणाला. "याची आज खोड मोडतो. या माणसाला मंडळाचं काम पुन्हा द्यायचं नाही, लिहून घ्या चिटणीस. हा फोटो मी काढला, मी धुतला, मी माझ्या हातानं छापला—"

"कुठल्या हातानं?" काकू म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण दुकानातली माणसं वळली.

"नाही, दाखवा ना," काकू उठल्या. "कुठल्या हातानं धुतला? डाव्या की उजव्या? कारण त्यातच तर तुमचा घोळ आहे."

"अगं, काय बोलतेयस?"

"घळ डावीकडेच आहे. मी बघितलीय. अडीच तास बघितलीय. तुमचं नाक डब्यात होतं. तुम्ही तो डोंगर आजवर पाहिलेलाच नाही, फक्त काचेत पाहिलाय, आणि ती काच उलटी. घरातला फोटो मी उलटा छापला. मुद्दाम. सरळ चांगला दिसत नव्हता म्हणून."

ढगसाहेबाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग काळा. मधल्या छटा गाळून.

"एकतीस वर्षं," तो म्हणाला. "एकतीस वर्षं मला माकड बनवलंस?"

"गप्प बसले ही चूक माझी. ती मी मान्य करते, चारचौघांत करते. भिंतीवर उलटा डोंगर टांगला म्हणून कोणाचा जीव जात नाही. इथं जाईल." आणि आता काकूंचा आवाज चढला, असा चढला की टेम्पोवाला दारात येऊन उभा राहिला. "पण तुम्ही? एकदा तरी विचारलंत, ही प्रिंट कशी केलीस म्हणून? दवाखान्यात माझ्या हातून कोणाचा पाय उलटा गेला नाही, आणि घरी येऊन मी तुमच्या डोंगरांची दाढी-अंघोळ करत होते! हार घालताना तुम्ही पुढं. आणि आज या बिचाऱ्याचं खानदान काढताय? त्यानं बरोबर काम केलं म्हणून? त्याची माफी मागा."

"मी? याची?"

"हो. आत्ता."

"आधी घरी चल, मग बघतो तुझ्याकडे."

"घरी कशाला, इथं बघा. उजेड आहे."

चिटणीस खाकरला. "काकूंचं म्हणणं मला पहिल्यापासून पटत होतं," तो म्हणाला. त्याच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

छपाईवाल्यानं पसंतीचा कागद हळूच पुढं सरकवला. खाली रकाना होता: छायाचित्रकाराची सही. "सही झाल्याशिवाय मला मशीन लावता येत नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. ढगसाहेबानं दोन्ही हात खिशात खुपसले, पार मनगटापर्यंत.

काकूंनी पेन उचललं. 'छायाचित्रकाराची' या शब्दावर एक रेघ मारली, वर 'फिल्म धुणाऱ्या बाईंची' असं लिहिलं आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

"ही सही कशी चालेल?" ढगसाहेब गुरकावला.

"न चालायला काय झालं?" काकू म्हणाल्या.

"चालेल, चालेल," चिटणीस म्हणाला. शेवटी काकू बोलल्या होत्या ना.

मशीन सुरू झालं. कागद तसूतसूनं बाहेर येऊ लागला. आधी काळं आकाश, मग धार, मग डाव्या घळीतून चढणारी पांढरी रेघ. ती पुरती वर पोचेपर्यंत काकू तिथून हलल्या नाहीत. जाता जाता ढगसाहेब दाराच्या चौकटीला उद्देशून पुटपुटला, "झालं असेल काही चुकून."

"चौकटीला नाही," काकू मागून म्हणाल्या. "त्यांना."

तो परत फिरला. छपाईवाल्यासमोर उभा राहिला. "चुकलं," म्हणाला, आणि जोडे आपटत गेला. बसमध्ये दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले. खिडकीची जागा काकूंनी घेतली, आयुष्यात पहिल्यांदा न विचारता.

पुढचे आठ दिवस त्या घरात भांडीच तेवढी बोलत होती, असं शेजारीण सांगते, आणि तिच्या कानांवर अविश्वास दाखवायचं कारण नाही. ढगसाहेब भिंतीवरच्या फोटोसमोरून जाताना मान वळवायचा. नवव्या दिवशी सकाळी तो एकटाच पहिल्या बसनं गेला. कॅमेरा घेतला नाही. काकूंनी कुठं म्हणून विचारलं नाही. राग त्यांचाही उतरला नव्हता, आणि लवकर उतरवायचा त्यांचा विचारही नव्हता.

संध्याकाळी तो परतला. बुटांना धूळ, मानेवर, हनुवटीखाली, उन्हानं उठलेला लाल पट्टा. त्या मानेला वर बघायची सवय नव्हती. पानावर बसला. काकूंनी वाढलं. चार घास झाले, पाच झाले.

"घळ कुठं होती?" काकूंनी विचारलं.

"होती तिथंच."

"म्हणजे?"

ढगसाहेबानं घास खाली ठेवला. "डावीकडे," तो जवळजवळ ओरडलाच. "डावीकडे होती! झालं समाधान? आणि भाजीत मीठ नाहीये."

मीठ, खरं सांगायचं तर, अगदी बेताचं होतं.