नऊ किलो तांदूळ

१९९४ सालचा जून. शाळेचा पहिला दिवस, पहिलीच्या वर्गात रडारड चाललेली, आणि त्यातच एक बाई शिंप्याची टेप घेऊन वर्गात शिरली. तिने फळ्यापासून बाकांचं अंतर मोजलं, भिंतीपासून बाकाचं मोजलं आणि डाव्या भिंतीलगतच्या दुसऱ्या बाकावर हात ठेवला. वर्गशिक्षिका आपटेबाईंनी वेणू मोकलला प्रथम पाहिलं ते असं.

"बाई, माझ्या देवेशला हितं बसवा," ती म्हणाली. "त्याला डाव्या डोळ्यानं दिसत नाय. सगळी पोरं उजवीकडं आली पायजेत. डावीकडनं कुणी ढकललं तर त्याला कळत नाय."

"जन्मापासून आहे का हे?" आपटेबाईंनी विचारलं.

"नाय. गाडीत झालं. मी धरला होता त्याला."

एवढं बोलून तिने टेप गुंडाळली. तिच्या जागी दुसरं कुणीही 'अपघात झाला' असं म्हटलं असतं. 'मी धरला होता' म्हणणारी आई आपटेबाईंना नवीन होती. पुढे ओळख वाढली तेव्हा वेणूनेच त्यांना सगळं सांगितलं.

वेणू मूळची गव्हाणची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. लग्न होऊन पनवेलला मोकलांकडे आली. नवरा बळीराम बंदरात नोकरीला, शांत माणूस. घरात शब्द चाले तो थोरल्या दिराचा. भगवान मोकल यांचे कळंबोलीच्या लोखंड बाजारात तीन ट्रक होते. गाडीचं काहीही असो, टायर असो की मुहूर्त, भगवानभावजींना विचारल्याशिवाय घरात पान हलत नसे.

१९८९च्या दसऱ्याला भावजींनी फियाट घेतली. पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. आता कर्नाळ्यापर्यंत एक फेरी मारायची ठरली. चौदा महिन्यांच्या देवेशला घेऊन वेणू मागे बसायला निघाली, तर भावजींनी हाक मारली, "मागं कुठं चाललीस गो? पुढं बस. घराण्यातला पयला नातू हाय, लोकांना दिसू दे की!"

ती पुढे बसली. कर्नाळ्याच्या अलीकडे पुढचा ट्रक अचानक थांबला. भावजी मागे वळून कुणाशी तरी बोलत होते. त्यांनी ब्रेक मारला, तरी गाडी ट्रकला जाऊन धडकलीच. धडक मोठी नव्हती. गाडीचा एक दिवा फुटला. देवेश तिच्या हातांतून सुटून समोरच्या पत्र्याच्या कडेवर आदळला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे जमले होते. सासू गंगाबाईंनी विचारलं, "झालं तरी कसं?" वेणू तोंड उघडणार, त्याआधीच भावजी बोलले, "काय सांगू, आये. आईला पोर धरता आलं नाय. हात सुटला तिचा."

तेवढं एक वाक्य. ते आठ वर्षं टिकलं. हळदीकुंकवाला, बारशाला, नळावर कुणी ना कुणी ते बोलून जायचंच. मुद्दाम नव्हे, जसं एखाद्याचं गाव सांगावं, तसं. "ती वेणू गो, जिच्या हातनं पोर सुटलं." एकदा भांडणाच्या भरात बळीरामही बोलला. त्या रात्री वेणू जेवली नाही आणि पुढे महिनाभर तिने त्याच्या ताटात गरम भाकरी घातली नाही. भावजींना मात्र ती रोज चहा देत होती आणि मान खाली घालून 'व्हय भावजी' म्हणत होती. आतून तिला वाटायचं, हा माणूस एक दिवस चारचौघांत तोंडावर पडलेला बघायचा आहे. हे तिने आपटेबाईंना सांगितलं तेव्हा ती हसत नव्हती. पण सगळ्यांसारखं तिलाही वाटत होतं की चूक तिच्या हातांचीच आहे. म्हणून तर ती गप्प होती.

१९९६ला तिला जुळ्या मुली झाल्या, सई आणि निशा. पुढच्या वर्षी तिचा भाऊ कुमार, जो बोटीवर होता, सुट्टीवर आला तो दोन मोठी खोकी घेऊन. खोक्यांतून निघाल्या लहान मुलांना गाडीत बसवायच्या दोन खुर्च्या. जाड गादीच्या, दोन्ही बाजूंनी उंच, छातीवरून पट्टे. कुठल्याशा परदेशी बंदरात एका कुटुंबाने वापरून काढून टाकलेल्या त्याने उचलल्या होत्या.

सगळं घर हसलं. भावजी म्हणाले, "ही काय सिंव्हासनं आणलीस रं कुमार? आमच्याकडं पोरं मांडीवर वाढतात!"

वेणू हसली नाही. खुर्चीच्या पाठीला एक कागद चिकटवलेला होता. मजकूर परक्या भाषेतला, पण चित्रं सगळी कळत होती. पहिल्या चित्रात पट्टा कुठून घालायचा ते होतं. दुसऱ्यात एक बाई गाडीत पुढच्या सीटवर मूल मांडीवर घेऊन बसली होती. दोन्ही हातांनी घट्ट. आणि त्या बाईवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल फुली मारलेली होती.

ते चित्र घेऊन ती आपटेबाईंकडे आली. आपटेबाईंनी शाळेतल्या विज्ञानाच्या चारुदत्त सरांना बोलावलं. सरांनी फळ्यावर गणित मांडून दाखवलं. ताशी तीसच्या वेगाने गाडी धडकली, तर तेव्हाच्या देवेशएवढं, नऊ किलोचं मूल त्या क्षणापुरतं दीड क्विंटलच्या वर ओढ देतं.

"म्हणजे मी जोर लावला असता तरी..." वेणूने विचारलं.

"अहो, पैलवान बसवला असता तरी," सर म्हणाले.

वेणूने फळ्यावरचा आकडा बोटाने गिरवला. आपटेबाईंना वाटलं, आता ही रडेल, मोकळी होईल. ती रडली नाही. तिने विचारलं, "भावजींना हे ठाऊक असंल का?"

"ठाऊक नसेल," आपटेबाई म्हणाल्या, "पण ते ट्रकला धडकले हे तर त्यांना ठाऊक आहे ना?"

"ते ठाऊक हाय," वेणू म्हणाली आणि उठली. त्या दिवसापासून तिच्या बोलण्यातलं 'व्हय भावजी' बंद झालं.

त्याच सुमाराला बळीरामने गाडी घ्यायचं ठरवलं. भावजींनी लगेच एक जीपसारखी गाडी सुचवली. "दहा माणसं मावतात. समोरासमोर बाकडी. सगळी जाव एकदम एकवीरेला."

"मी बघते गाडी," वेणू म्हणाली.

"तू?" भावजींना खरोखर हसू आलं. "रंग बघणार काय?"

पुढचे दोन महिने वेणू दर रविवारी बळीरामला घेऊन निघे. टेम्पोत दोन खुर्च्या, हातात ती शिंप्याची टेप. गाड्यांच्या दुकानात शिरली की ती सरळ मागचं दार उघडायची. मितेश नावाचा एक विक्रेता पोरगा तिच्यापुढे अगदी हैराण झाला होता.

"वहिनी, म्युझिक सिस्टिम तर ऐका!"

"मागचे पट्टे दाव."

"मागे पट्टे? मागे कोण लावतं, वहिनी?"

"माझ्या पोरी लावतील."

सगळ्यांची लाडकी छोटी गाडी तिने पहिल्या दहा मिनिटांत बाजूला काढली. मागे दोन खुर्च्या ठेवल्या की दार लागेना. दुसऱ्या गाडीत खुर्च्या बसल्या, पण सीटचा उतार असा की त्या पुढे घसरत. तिसऱ्या गाडीला दोनच दारं. पोराला पट्टा घालायला कमरेतून वाकून आत शिरावं लागे. एका गाडीत सगळं जमलं, पण मागचा पट्टा आखूड. खुर्चीभोवती फिरवल्यावर बकलापर्यंत चार बोटं कमी पडला. मितेश म्हणाला, "ओढून बसेल की!" वेणूने त्याच्याचकडून ओढवून घेतला. घाम आला, पट्टा बसला नाही.

शेवटी नव्या पनवेलमध्ये एका दुकानात तिला हवी ती गाडी सापडली. चार दारं, मागे लांब पट्टे, सीट सपाट आणि घट्ट, आणि मागच्या दाराला आतून न उघडणारी लहान मुलांसाठीची कडी. खुर्च्या बांधल्यावर वेणूने दोन्ही हातांनी त्या सगळा जोर लावून हलवल्या. खुर्च्या हलल्या नाहीत, गाडी हलली. रंग तेवढा एकच शिल्लक होता, मातकट हिरवा.

"शेणाचा रंग," भावजी म्हणाले.

"बसणाराला रंग दिसत नाय," वेणू म्हणाली.

या दोन महिन्यांत तिने आणखी एक गोष्ट केली होती. मुली दुपारी झोपल्या की त्यांना शेजारच्या शकूकडे ठेवून ती ड्रायव्हिंग शिकायला जात होती. हे फक्त बळीरामला ठाऊक होतं. लायसन दसऱ्याच्या आठवडाभर आधी हातात पडलं.

दसऱ्याला दरवर्षी सगळे मोकल कळंबोलीला भावजींच्या ट्रकच्या आवारात जमत. ट्रक धुऊन झेंडूच्या माळा घातलेले, ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री नव्या कपड्यांत. बाजार बंद, समोरचा सरळ रुंद रस्ता मोकळा. नव्या गाडीची पूजाही तिथेच झाली. नारळ फुटल्यावर भावजींनी किल्लीसाठी हात पुढे केला आणि म्हणाले, "वेणू, पुढं बस. एक पोर तू घे, एक आये घेईल. कर्नाळ्याला जाऊन येव."

तोच कर्नाळा, तेच 'पुढं बस'. वेणूने सई-निशाला सोबत आलेल्या शकूच्या हाती दिलं. मग गाडीच्या डिकीतून एक बोचकं काढलं. उशीच्या अभ्र्यात तांदूळ भरून तोंड शिवलेलं, वर झबलं चढवलेलं, टोपडंसुद्धा बांधलेलं.

"नऊ किलो हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "आठ वर्सं तुमी सांगताव, आईला पोर धरता आलं नाय. तुमी धरून दावा. गाडी मी चालवते."

क्लीनर पोरं खुदखुदली. एक मिस्त्री म्हणाला, "मालक, घ्या की! नऊच किलो!"

भावजींना नाही म्हणायला जागाच उरली नाही. "अगो, मी पन्नासचं पोतं एका हातानं फेकतो," असं म्हणत ते पुढे बसले, बोचकं मांडीवर घेतलं. बळीराम मागे बसला.

"पट्टा लावा," वेणू म्हणाली.

"पट्टा कशाला?"

"तुमी लावल्याबिगर मी गाडी चालू करणार नाय."

त्यांनी कुरकुरत लावला. गाडी निघाली. भावजी दोन्ही हातांनी बोचकं आवळून, दात चावून बसले होते. वेणूने तीसवर ब्रेक मारला. बोचकं जागेवर राहिलं. "बगितलंस?" ते ओरडले. खिडकीतून हात काढून त्यांनी लांब उभ्या माणसांना बोचकं दाखवलं. तिकडून शिट्ट्या आल्या.

 वेणूने रस्त्याच्या टोकाला गाडी वळवली आणि परत फिरवली. दुसरी फेरी झाली. तिसऱ्या फेरीत भावजी सैल झाले. एक हात बोचक्यावर, दुसरा गियरकडे दाखवत ते मागे वळून बळीरामला सांगू लागले, "क्लच जरा उशिरा सोडते ती, तिला सांग..."

आवारापासून पन्नास पावलांवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, वेणूने करकचून ब्रेक मारला.

बोचकं समोरच्या कडेवर आपटलं, शिवण उसवली. तांदूळ काचेवर, भावजींच्या मांडीवर, पायांत पसरला. टोपडं खाली पडलं. त्यांचा हात हवेत तसाच होता.

"तू मुद्दाम मारलास!" ते म्हणाले.

"त्या दिवशी ट्रकवाल्यानं तरी कुठं मला आधी सांगितलं होतं? आणि तुमी पण मागंच बगत होताव. हा नुसता ब्रेक हाय भावजी. धडक नाय."

तिने गाडी हळू चालवत आवारात आणली आणि त्यांच्या बाजूचं दार स्वतः जाऊन उघडलं. तांदूळ खाली ओघळला. ड्रायव्हर, क्लीनर, जावा, पोरं, सगळे बघत होते. गंगाबाई पुढे आल्या. त्यांनी ते टोपडं उचललं, झटकलं आणि मुलाकडे बघत विचारलं, "हात सुटला का रं?"

भावजी पट्टा सोडवू लागले.

"आईनं इचारलंय," वेणू म्हणाली. "सांगा की. दवाखान्यात मोठ्यानं बोलला होताव."

"नाय धरता येत," ते पुटपुटले.

"मोठ्यानं."

"नाय धरता येत! कुणालाच नाय!" असं म्हणून ते उतरले आणि कपड्यांवरचा तांदूळ झटकत ट्रकच्या मागे निघून गेले. नव्या कपड्यातला एक क्लीनर फिस्सकन हसला आणि दुसऱ्या दिवशी कामावरून काढला गेला.

संध्याकाळी घरी आल्यावर नऊ वर्षांच्या देवेशने विचारलं, "आई, तुला बरं वाटलं का?"

"व्हय," वेणू म्हणाली. आपटेबाईंना तिने हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, थोडं तरी वाईट वाटलं नाही का? भावजी आता वयाचे झाले, त्यांनाही त्या डोळ्याचं दुःख असेलच. वेणूने प्रामाणिकपणे सांगितलं, "दुख असंल. पण त्यांनी ते माझ्या पदरात बांधलं होतं बाई. मी सोडून परत दिलं." तो तांदूळ तिने महिनाभर गाडीतून काढला नाही. दिवाळीत भावजी गाडीत बसायला आलेच तर त्यांना दिसावा म्हणून. ते आले नाहीत.

नळावरचं वाक्य बदललं. 'जिच्या हातनं पोर सुटलं' म्हणणाऱ्या बायका आता म्हणत, 'ती वेणू गो, जिनं थोरल्याला तांदूळ धरायला लावला.' पुढे दोन-तीन घरांत गाडी घेताना बायकांनी मागचे पट्टे बघायला वेणूला नेलं. ती टेप घेऊन गेली.

देवेश आता सरकारी नोकरीत आहे, सई आणि निशा लग्न होऊन सासरी आहेत. वेणू अठ्ठावन्न वर्षांची आहे, खांदा कॉलनीत राहते, रोज सकाळी देवेशच्या मुलाला स्वतः गाडीने शाळेत सोडते, आणि भगवान मोकल यांच्याशी बोलत नाही.