डाव्या खिशातला पासपोर्ट

२००५ साली तो एकाहत्तर वर्षांचा होता. कुठेही बसण्याआधी कोटाच्या डाव्या खिशावर दोनदा थापटायचा आणि मगच टेकायचा. खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, जाड निळ्या पुठ्ठ्याचा इंग्रजी पासपोर्ट असायचा. हॉलंडात सदतीस वर्षं काढलेला माणूस, पण कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "मी इथं राहत नाही. थांबलोय."

थांबलाय म्हणून त्यानं कपाट घेतलं नाही, कपडे बॅगेतच ठेवले. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आता तो नाही, म्हणून सांगतो.

मी चौथी शिकलेला, रत्नागिरीकडचा खलाशी. रॉटरडॅमला बोट सोडली आणि गोदीच्या गोदामात लागलो, तिथं हा भेटला. नैरोबीत जन्मलेला, रेल्वेतल्या मराठी सुताराचा मुलगा. मी त्याला लाटसाहेब म्हणायचो, तो मला खलाशा.

त्याची कहाणी मला पाठ होती. जन्मला तेव्हा इंग्रज राजाची प्रजा. पुढं कागदावर 'युनायटेड किंगडम आणि वसाहतींचा नागरिक' झाला. केनिया स्वतंत्र झाल्यावर त्यांनी विचारलं, आमचा होतोस का, तर यानं राणीच धरली. मग अडुसष्ट साली विलायतेनं कायदा केला की बाप नाहीतर आजा तिकडचा असेल तरच आत. लंडनच्या विमानतळावरून याला आल्या विमानानं परत धाडला. ते विमान अॅमस्टरडॅमहून आलेलं, म्हणून हा इथं. पंच्याऐंशीला नवा पासपोर्ट आला, त्यात आणखी एक शब्द, 'समुद्रापारचा'. कँटीनमध्ये माझं बोट धरून त्यानं तो शब्द दाखवला. म्हणाला, "बघ खलाशा, नाव बदलतात. दार तेवढं बंदच."

त्याच वर्षी आम्ही हात मिळवला. डच पासपोर्ट घ्यायचा नाही. तो राणीचा, मी भारताचा. बायको मला वेडा म्हणाली. बरोबरचे सगळे एकेक करून डच झाले, आम्ही दोघं नाही झालो. त्याचा मला केवढा ताठा होता.

नव्व्याण्णव साली माझा थोरला भाऊ विलायतेत वारला, हल बंदरात. रॉटरडॅमहून रोज संध्याकाळी हलला बोट सुटते, सकाळी पोचते. माझा व्हिसा आला तो बारावं उरकल्यावर. तो सबंध दिवस लाटसाहेब माझ्याजवळ बसून होता. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "आपल्याला दारातच उभं करतात रे." त्या एका वाक्यावर मी दिवस काढले.

आणि मग २००५. आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याची कॉम्प्युटरवाली मुलगी राहायला आली होती. तिनं वाचून सांगितलं की विलायतेचा कायदा परत बदललाय, त्यालाही दोन वर्षं झाली. असा पासपोर्ट आहे आणि दुसरा कुठला देश नाही, त्यांना आता पुरतं नागरिक करतात. मी पेढे आणायला निघालो. हा मात्र म्हणाला, बघू. सदतीस वर्षं थांबलास आणि आता बघू कसलं, म्हणत मी त्याला दंडाला धरून वर नेला.

मुलीनं पिशवीतून पासपोर्ट काढला, उघडला, परत एकदा पाहिला.

"काका, हा तर एक्स्पायर झालाय. नाइन्टी-फाइव्हलाच. मग तुम्ही इथं राहता कशावर?"

त्यानं कोटाच्या उजव्या खिशात हात घातला आणि लाल डच पासपोर्ट टेबलावर ठेवला. उजव्या खिशाकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

"पंच्याण्णवला घेतला," माझ्याकडे न बघता म्हणाला. "बहीण लंडनला आजारी होती. युरोपच्या पासपोर्टवाल्यांच्या रांगेतून गेलो. कुणी काही विचारलंसुद्धा नाही."

म्हणजे दार केव्हाच उघडलं होतं. माझा भाऊ गेला त्याच्या चार वर्षं आधी. अधूनमधून बॅग उचलून उत्तरेला ग्रोनिंगन गावी मुलाकडं जातो म्हणायचा, तेव्हा खरं तर लंडनला बहिणीकडं जायचा, तेही कळलं.

"माझ्या पाठीवर हात ठेवलास तेव्हाही हा खिशात होता?"

"होता." लाल पासपोर्ट परत खिशात सरकवत म्हणाला, "सांगणार होतो. पण तू कसा सगळ्यांना सांगायचास, आम्ही दोघं नाही झुकलो म्हणून. मला ते मोडवेना."

मुलगी हळूच म्हणाली, मग हा फॉर्म नाही भरता येणार काका. मी उठलो आणि खाली आलो. "खलाशा, बस की रे," एवढं जिन्यात ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या टपालाच्या फटीतून काहीतरी पडलं. पायपुसण्यावर प्लास्टिकची पिशवी, आत निळा पासपोर्ट. मी दार उघडलं नाही. खिडकीतून पाहिलं. तो ट्रामच्या थांब्यावरच्या बाकापाशी पोचला, डाव्या खिशावर एकदा थापटलं, हात तिथंच राहिला. आणि न बसताच पुढं चालत गेला.