धरलेली जागा

कापड्याहून महाडला निघालेल्या एसटीत एका मुलीने शेजारच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरली होती. मी उभी, मनातून चिडलेली. तिच्या मोबाइलवर जपानी कार्टून चाललं होतं. त्यात लहानशा गावातल्या पोरी नाच-गाण्याचा ग्रुप काढतात, धडपडतात, खिदळतात. तिचे पाय मात्र सीटखाली एकसारखे स्टेप घोकत होते.

"आमचा पन ग्रुप हाय, दोघींचा. आज महाडला पयला कार्यक्रम. ती पोलादपूरला चढंल," ती म्हणाली. मग मोबाइलकडे बघत, "ह्यात कुनी मागं ऱ्हात नाय."

पोलादपूरला ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकली. मैत्रीण स्टँडवर दिसत नव्हती, फोनही उचलत नव्हती. कंडक्टरने बेल मारली.

गाडी हलल्यावर तिने रुमाल उचलला, नीट घडी घातली.

"बसा काकू."

महाडपर्यंत मी उभीच राहिले.