गिरणीच्या भिंतीवरची मुलगी

फिदेन्सिओ मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका डुकराशी बोलत होते. सान मातेओच्या शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते आणि राहायला खोली शोधत गावातून हिंडत होते. ओतिलिओ खाटकाच्या दुकानाबाहेर शिडीवर एक बारीक माणूस उभा होता. डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवून तो भिंतीवरच्या डुकराला भुवया काढत होता. डुकराच्या डोक्यावर आचाऱ्याची पांढरी टोपी होती आणि ते मोठ्या कढईत पळी फिरवत होतं. कढईत काय शिजतंय ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"हस की जरा," शिडीवरचा माणूस डुकराला म्हणाला.

खालून ओतिलिओ ओरडला, "मास्तर, गेल्या वर्षी ते रडवेलं झालं होतं. रडक्या डुकराचं मटण कोण घेईल?"

"रोज समोर तुझं तोंड बघून ते रडेल नाहीतर काय करेल?" मग माझ्याकडे लक्ष जाताच त्यांनी हॅट उचलली. "बाई, तुम्ही नवीन आहात, तुम्हीच सांगा. सुखी दिसतंय का?"

मी म्हटलं, "सुखी दिसतंय, पण थोडं काळजीतही आहे."

"मग बरोबर जमलंय," ते म्हणाले आणि ब्रश धुवायला खाली उतरले.

आमच्या गावात हातात कसब असलेल्या प्रत्येकाला मास्तर म्हणतात. फिदेन्सिओ मास्तरांचं कसब सगळ्या भिंतींवर होतं. न्हाव्याच्या दारावर चकाकत्या केसांचा तरुण, चांभाराकडे पंख फुटलेला बूट, मासळीच्या दुकानावर लिंबाच्या फोडीवर बसलेली कोळंबी. इथलं ऊन लाल रंग आधी खातं, मग निळा. म्हणून सप्टेंबरात, गावाच्या संताच्या, सान मातेओच्या सणाआधी, प्रत्येक दुकानदार आपलं चित्र पुन्हा उजळून घेतो. त्या दिवसांत मास्तर शिडी खांद्यावर टाकून सकाळपासून फिरत असत. एरवी ते गिरणीमागच्या खोलीत राहत. पत्नी हासिन्ता मी गावात येण्याआधीच वारली होती. घरात ते आणि त्यांची मुलगी नोएमी.

नोएमी तिसरीत माझ्या वर्गात होती. लिहिताना जिभेचं टोक बाहेर काढायची, अगदी वडील रंगवताना काढत तसं. त्याच वर्षी, मका दळून तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, विकणाऱ्या गिरणीवाल्या तोमासाबाईंनी मास्तरांना आपल्या भिंतीवर टोपलीवाली मुलगी काढायला सांगितली. मास्तरांनी नोएमीला समोर उभं केलं. दोन वेण्या, हातात रुमालाने झाकलेली टोपली, रुमालाखालून डोकावणाऱ्या गरम तोर्तिया. चित्र इतकं हुबेहूब उतरलं की पोरं वर्गात नोएमीला विचारायची, "आज भिंतीवर आहेस की शाळेत?"

वर्ष संपताच नोएमीची मावशी तिला घेऊन शिकागोला गेली. बिनआईच्या मुलीला बाईमाणसाचा हात हवा, एक वर्षभर ठेवते आणि आणून सोडते, असं ठरलं होतं. पण मावशीजवळ तिकडे राहायचे कागद नव्हते. एकदा सरहद्द ओलांडली की परतीची वाट सोपी नसते, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. वर्षाची वर्षं झाली.

सुरुवातीला मावशीने एक फोटो पाठवला. बर्फात उभी असलेली एक लहान आकृती, टोपी कपाळापर्यंत, मफलर नाकावर. मास्तरांनी तो सगळ्या बाजारात फिरवला. ओतिलिओ म्हणाला, "मास्तर, हे अस्वलाचं पिल्लूही असू शकतं." मास्तर हसले. त्यानंतर फोटो आला नाही, फोन यायचे.

चौकात फोनची एक टपरी होती. फोन आला की टपरीवाली भोंग्यावरून नाव पुकारायची: "फिदेन्सिओ आरोयो, शिकागोहून फोन!" मास्तर असतील त्या भिंतीवरून उतरत आणि हातातला ओला ब्रश घेऊनच धावत. टपरीला दार नव्हतं. बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जायचं. "जेवतेस ना? थंडी आहे का? मावशीला त्रास देऊ नकोस." फोन संपला तरी ते थोडा वेळ आत उभे राहत.

भिंतीवरची मुलगी वाढते आहे हे आधी तोमासाबाईंच्या लक्षात आलं.

"मास्तर, मी टोपलीवाली मुलगी सांगितली होती," त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "हिचा झगा घोट्यापर्यंत आला, कानात डूल आले. गिऱ्हाईक विचारतं, तोमासा, कामाला नवीन पोरगी ठेवलीस का?"

"बारा वर्षांची झाली ती," मास्तर म्हणाले. "गुडघ्यापर्यंतचा झगा कसा चालेल?"

तोमासाबाई आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. पुन्हा त्यांनी तक्रार केली नाही. मग दरवर्षी सणाआधी मुलगी एका वर्षाने मोठी होऊ लागली. दोन वेण्यांची एक वेणी झाली. टोपली हातातून कमरेवर आली.

एकदा मी शाळेतून परतत असताना मास्तर गिरणीसमोर शिडीवर चढण्याआधी नुसते उभे होते.

"आवाज खाली उतरलाय, बाई," ते म्हणाले. "परवा फोनवर ऐकला. असा आवाज असला की हनुवटी लांबट झालेली असते."

"आवाजावरून कशाला काढता? फोटो मागवा की."

त्यांनी ब्रशचे केस बोटांनी सारखे केले. "मागू कसा? बापाने पोरीला विचारायचं का, की तू दिसतेस कशी? तिला वाटेल, मला तिचा चेहरा माहीत नाही."

"आणि माहीत आहे?"

"म्हणून तर काढतोय," ते म्हणाले आणि शिडी चढले.

नोएमीला कागद मिळाले तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. सणाला येते, असा फोन आला. तोवर टपरीतून मास्तरांचं नाव वर्षाकाठी एकदा, फार तर दोनदा पुकारलं जात असे. ती यायच्या दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि मोरेलिया शहराहून येणाऱ्या गाडीची वाट बघत बराच आधी जाऊन थांब्यावर उभे राहिले. तोमासाबाई होत्या, ओतिलिओ होता, मीही होते.

गाडी आली. माणसं उतरू लागली. मास्तर टाचा उंचावून डोक्यांवरून बघत होते. त्यांच्यासमोर एक तरुण मुलगी येऊन थांबली. अंगाने भरलेली, केस मानेपर्यंत कापलेले, पँट, खांद्याला बॅग. नाक रुंद, मुळाशी जरा बसकं. तसं नाक आमच्या गावात एकाच माणसाला होतं. मी ओळखलं, तोमासाबाईंनी ओळखलं. पण आपलं नाक आपल्याला कुठे दिसतं?

"बाबा?" ती म्हणाली.

मास्तर अदबीने हसले. "जरा बाजूला हो पोरी, माझी मुलगी उतरतेय."

गाडी रिकामी झाली. क्लीनरने सामानाचं झाकण आपटलं. मुलगी बाजूला झाली नव्हती.

"मीच उतरलेय, बाबा."

ओतिलिओला प्रत्येक वेळी काहीतरी सुचायचं. या वेळी मात्र तो खाली जमिनीकडे बघत राहिला. मास्तरांनी हॅट काढली, पुन्हा घातली आणि तिच्या खांद्यावरची बॅग घेतली. दोघं घराकडे चालू लागले. मध्ये बॅग होती.

वाटेत गिरणी. तोमासाबाई काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून म्हणाल्या, "बघ गं, तू नव्हतीस तरी आम्ही तुला रोज बघत होतो."

नोएमी भिंतीसमोर उभी राहिली. लांब वेणी, निमुळती हनुवटी, कमरेवर टोपली.

"ही मी नाही," ती हळूच म्हणाली. "ही आई आहे. मावशीच्या घरी हिचा फोटो आहे."

तोमासाबाईंनी पदरासारखी ओढणी तोंडावर नेली. "अगं बाई! हासिन्ताच की ही!" हासिन्ता त्यांच्या डोळ्यांसमोर वाढली होती आणि हे चित्र त्या रोज गिरणी उघडताना बघत होत्या. पण चेहरा दरवर्षी थोडाथोडाच बदलला, म्हणून कोणाला कळलं नाही. ज्याने काढला त्यालाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर चुन्याची बादली आणि गिरणीतली खुर्ची घेऊन बाहेर आले. त्यांनी नोएमीला रस्त्यावर खुर्चीत बसवलं आणि तिच्याकडे बघितलं. इतका वेळ त्यांनी कोणत्याही डुकराकडे किंवा कोळंबीकडे बघितलं नसेल. मग म्हणाले, "नाक माझं घेतलंस. मला सुचलंच नव्हतं."

नवा चेहरा काढायचा तर आधी जुन्यावर चुना मारावा लागतो. त्यांनी रुंद ब्रश बादलीत बुडवला आणि वर उचलला.

"आईला पुसताय?" नोएमीने विचारलं.

"भिंत तुझी आहे."

"मी इथे राहणार नाही, बाबा. तिकडे माझं काम आहे. तिला राहू दे."

चुना त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. त्यांनी ब्रश परत बादलीत ठेवला. तोमासाबाईंनी आतून गरम तोर्तिया आणि मीठ आणून दिलं. बापलेक भिंतीला टेकून, चित्रातल्या बाईच्या पायाशी बसून खात राहिले.

सण झाला आणि नोएमी गेली. थांब्यावर मास्तर तिच्याकडे इतके बघत राहिले की शेवटी ड्रायव्हरने हॉर्न दिला. "मास्तर, माप घेऊन झालं का?"

"झालं, ने आता," ते म्हणाले.

पुढच्या वेळी भोंग्यावरून त्यांचं नाव आलं तेव्हा मी टपरीतच होते. बाकावर पाचसहा माणसं होती. मास्तरांनी जेवणाचं विचारलं, थंडीचं विचारलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नोएमी, एक फोटो पाठव. टोपी नको घालूस. तू कशी दिसतेस ते मी विसरायच्या आत पाठव."

आता मास्तर थकले आहेत, शिडी चढत नाहीत. गिरणीच्या भिंतीवरची बाई मात्र ते जमिनीवर उभं राहून, लांब दांड्याच्या ब्रशने अजून स्वतःच उजळतात. तिचं वय वाढवत नाहीत. शिकागोहून दरवर्षी सणाआधी एक फोटो येतो. तो ते भिंतीवर रंगवत नाहीत. मिठाच्या डब्याला टेकवून समोर ठेवतात आणि जेवतात.