डेन्मार्क आणि काकीचं लुगडं

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागं ही फजिती सांगताना एकाच्या तोंडात चहा होता, आणि माझं नवंकोरं धोतर गेलं.

स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली होती. मी लासुर्ण्याला नवीनच मास्तर झालो होतो. अंगात कोट, नाकावर चष्मा आणि तोंडाला म्हणाल तर कुलूप नाही. जवळच वालचंदनगरला यंत्रं बसवायला एक गोरा इंजिनियर आला होता, डेन्मार्कचा. आमच्या सरपंच आबांनी त्याला गावात चहाला बोलावलं आणि मला म्हणाले, "मास्तर, तुमी त्याच्या देशाची वळख करून द्या. मान्सं कशी, धंदा काय, समदं. गावाला बी कळू दे."

मला डेन्मार्कची माहिती किती असावी? भूगोलाच्या पुस्तकात दीड पान होतं. त्यातलं अर्धं पान नकाशाच होता.

नाही म्हणायला काय हरकत होती? पण त्या दिवशी कऱ्हाटीचे तात्या यायचे होते. तात्या म्हणजे वांग्या-टोमॅटोचे बागायतदार. त्यांची लेक अनसूया मी एकदा पाहिली होती आणि तेव्हापासून वर्गात फळ्यावर काय लिहितोय ते माझं मला कळेनासं झालं होतं. पण तात्यांचं काही ठरत नव्हतं. "बारामतीच्या पेठंत वाढल्यालं पोर हाय. याच्या पायाला कवा माती तरी लागलीय का?" असं ते चारचौघांत म्हणायचे. त्या दिवशी ते मला शेवटचं पारखायला येणार होते. म्हटलं, हीच संधी. शेतीवर असं बोलतो की तात्यांनी तिथंच सुपारी फोडावी.

चावडीपुढं गाव जमलं. साहेब खुर्चीवर, तात्या पुढंच घोंगड्यावर. मी सुरुवात केली. देश लहान, जमीन सपाट, थंडी फार, खाणी-बिणी नाहीत. लोक गाई पाळतात, गावोगाव सगळ्यांनी मिळून डेअऱ्या काढल्यात, लोणी इंग्लंडला विकतात.

इथं दीड पान संपलं. पण लोक ऐकत होते हो! ऐकणारी माणसं समोर असताना कोण खाली बसतं? आणि गंमत अशी, की मी 'डेन्मार्क' म्हटलं की साहेब हसून मान डोलवायचा. त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण गावाला वाटायचं, मास्तरच्या शब्दावर साहेबाचा शिक्का बसतोय.

"डेन्मार्कात," मी म्हटलं, "वकील असो, डॉक्टर असो, सकाळी उठून आधी गोठ्यात जातो. धार काढल्याशिवाय कुणी कामाला जात नाही."

साहेबाची मान डोलली.

"आणि डेन्मार्कच्या माणसाचा हात असा, की नवखं जनावरसुद्धा पान्हा सोडतं."

मान परत डोलली. पण तात्यांना डुलकी लागली होती. माझा जीव तुटला. मी आवाज चढवला, "आणि डेन्मार्कात, ज्या मुलाला धार काढता येत नाही, त्याला कुणी पोरगी देत नाही!"

तात्यांनी डोळे उघडले. "ही रीत बेस हाय," ते म्हणाले आणि सावरून बसले.

मी खूश होऊन खाली बसतोय, तोवर आबा उठले. "मास्तर, देव पावला बगा. आमची कारभारीन लेकीच्या बाळंतपनाला इंदापूरला गेलीया. तिच्याबिगर म्हस कुनाला हात लावू देत न्हाय. कास दगडावानी झालीया. सायबाला म्हनावं, तेवडी धार काडा."

ही कारभारीण म्हणजे गावाची काकी. आणि काकीची म्हैस म्हणजे काळा पहाड. चावडीच्या मागंच बांधली होती. सगळं गाव तिकडं निघालं, साहेबाच्या हातात कुणीतरी चरवी दिली.

मी मोडक्या इंग्रजीत साहेबाला सांगितलं. तो मूळचा पांढरा, आणखी पांढरा पडला. म्हणाला, वडील घड्याळं दुरुस्त करायचे, आम्ही शहरात चौथ्या मजल्यावर राहायचो, दूध मी बाटलीतलंच पाहिलंय. आणि मला शिंगांची भीती वाटते. तुम्ही लोकांना सांगितलंत तरी काय?

"काय म्हनतोय सायब?" आबांनी विचारलं.

आता इथं खरं बोलून मोकळं व्हावं की नाही? पण तात्या टक लावून बघत होते. मी म्हटलं, "साहेब म्हणतात, यजमानाकडची धार पाहुण्यानं काढली तर यजमानाचा अपमान होतो."

"मग यजमानाकडनं तुमी बसा," तात्या म्हणाले. "तुमीच म्हनला न्हवं, धार येत न्हाय त्याला पोरगी देत न्हाईत?"

बसलो असतो हो, पण म्हशीनं नुसतं माझ्याकडं बघून पाय उचलला.

"अशी न्हाय ऐकायची ती," आबा म्हणाले. "काकीचं लुगडं नेसलं की काकीच बसली असं तिला वाटतं. म्या नेसलो असतो, पर सरपंच मानूस, बरं दिसत न्हाय."

मास्तर मात्र बरा दिसतो! कोटावरून नऊवारी लुगडं गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला. अख्खं गाव, माझी शाळा, होणारा सासरा, सगळे समोर. साहेबानं कॅमेरा काढला. आबा कानाशी आले, "फकस्त बोलू नका. आवाजावनं वळखती."

बसलो. म्हशीनं मान वळवून लुगडं हुंगलं आणि शांत उभी राहिली. मी घाबरत घाबरत आचळ ओढलं. चरवीत चुळकन धार पडली. अहो, खरंच पडली!

आणि मी ओरडलो, "तात्या, आली!"

पुढचं मला नीट आठवत नाही. मी शेणात होतो, चरवी कुठल्या कुठं गेली होती आणि चष्मा म्हशीच्या पायाखाली. तात्या हसून हसून डोळे पुसत होते.

"मास्तर, धार येत न्हाय तुमाला."

"नाही."

"डेन्मार्कचं बी ठावं न्हाय."

"दीड पान ठाऊक आहे."

"पोरगी देतो," तात्या म्हणाले. "सरपंच लाजला, पर तुमी म्हशीखाली बसला. तेवडं बोलनं कमी करा."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. लोकांना वाटलं, लाथ जोरात लागली.

लग्नाला साहेबही आला. नुकताच सुट्टीवरून परतला होता. खिशातून माझा तो पदर घेतलेला फोटो काढून म्हणाला, "आमच्या शहरात मला भारताची ओळख करून द्यायला सांगितलं. मला तरी कितीशी माहिती? मग हा दाखवला. सांगितलं, भारतात मास्तर लोक सकाळी बायकोचं लुगडं नेसून म्हैस पिळतात आणि मग शाळेत जातात."

"आणि लोकांना पटलं?"

"सगळे माना डोलवत होते."

"काय म्हनतोय सायब?" तात्यांनी विचारलं. मी जन्मात पहिल्यांदा पदरचा एक शब्दही न घालता सांगितलं. तात्यांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि अनसूयेबरोबर आंदण म्हणून एक म्हैस दिली.

झाला का चहा? मग उठा आता. अनसूया परवापासून कऱ्हाटीला गेलीय आणि धारेची वेळ झाली. ते दोरीवरचं लुगडं जरा ओढा इकडं. आणि आता मला बोलायला लावू नका.